पुन्हा शिकायचंय? फॉर्मच्या आधी कागदांवरची नावं जुळवा

इंदूरचं रामबाग असो, लोकमान्यनगर असो की राजेंद्रनगर, संसार सांभाळून पुन्हा शिकायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत कागद कमी नसतात. आधार असतं, मतदार ओळखपत्र असतं, समग्र आयडीचा (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीतल्या क्रमांकाचा) प्रिंट असतो, पिवळी पडलेली मार्कशीट असते, पासबुक असतं. तरी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कियॉस्कवर फॉर्म अडतो, कारण माणूस एक आणि पाच कागदांवर नावं पाच. कुठे ‘कु.’ लागलेलं, कुठे ‘बाई’ जोडलेलं, कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नवऱ्याचं, आणि कुठे मधलं नाव गायबच.

बहुतेक जण हे काम उलट्या टोकाने करतात. आधी फॉर्म उघडतात, तो अडला की समग्र दुरुस्तीला धावतात, समग्र अडलं की आधारकडे, आणि आधारवाला म्हणतो जुना कागद आणा. तोवर शेवटची तारीख निघून जाते. सरळ क्रम असा: मूळ कागद (जन्माचा दाखला किंवा दहावीची मार्कशीट), मग आधार, मग समग्र, मग बँक खातं, आणि शेवटी फॉर्म. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून माहिती उचलते, म्हणून मधलीच पायरी दुरुस्त करून भागत नाही. आधारच्या बदलाला साधारण महिनाभर धरावा लागतो, कधी जास्तही. प्रवेशाच्या तारखेआधी दोन महिने हाताशी ठेवा.

कोण काय मागतं

अजिबात लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, 15 वर्षांवरच्या कोणालाही. इथे कागदांचा त्रास जवळजवळ नाही. नोंदणी अ‍ॅपवर होते आणि ती आपल्याकडे ‘अक्षर साथी’ म्हणवणारे स्वयंसेवक किंवा शाळेतले शिक्षक करून देतात. तरी नाव आधारवर आहे तसंच नोंदवून घ्या. पुढे परीक्षा पास झाल्यावर जे प्रमाणपत्र मिळतं, ते आयुष्यातलं पहिलं शैक्षणिक प्रमाणपत्र असतं, आणि त्यावर चुकीचं नाव पडलं तर पुढच्या सगळ्या कागदांना तीच चूक चिकटते.

दहावी-बारावी करायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, हा बहुतेकांचा रस्ता. दहावीला किमान वय 14, बारावीला 15, वरची मर्यादा नाही, नोंदणी 5 वर्षं चालते. दहावीसाठी आठवी पास असल्याची मार्कशीट लागत नाही. हा अभ्यासक्रम झेपेल एवढं शिकलो आहोत असं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. जन्मतारखेचा पुरावा मात्र लागतो. शिवाय ओळखपत्र, पत्ता, फोटो आणि सही. बारावीला दहावीचं प्रमाणपत्र लागतं आणि नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख त्यावर आहे तशीच घेतात. एक गोष्ट इंदूरच्या मराठी घरांत फारशी माहीत नसते: एनआयओएसची दहावी मराठी माध्यमातून देता येते. फॉर्ममध्ये माध्यमाचा रकाना नीट बघा, कियॉस्कवाला सवयीने ‘हिंदी’ टाकून पुढे जातो.

मध्य प्रदेश बोर्डाच्या दहावी-बारावीत नापास झालेल्यांसाठी राज्य मुक्त शाळेची ‘रुक जाना नहीं’ योजना 2016 मध्ये सुरू झाली; ती चालू आहे का ते आधी विचारून घ्या. तिथे ओळख पटते ती नापास झालेल्या मार्कशीटवरच्या रोल नंबरवरून. ती मार्कशीट फाडून टाकलेली नसावी, एवढंच.

हाताचं काम शिकायचं असेल तर वाटा वेगळ्या. जन शिक्षण संस्थानचे शिवण, ब्यूटी पार्लर, विजेची कामं असे कोर्स 15 ते 45 वयोगटातल्या निरक्षर, नवसाक्षर आणि बारावीपर्यंत शाळा सुटलेल्यांसाठी असतात. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाला 15 ते 45 हीच वयाची अट आहे. तिची नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हब या पोर्टलवर आधारच्या ई-केवायसीने (ऑनलाइन ओळख पडताळणीने) होते. म्हणजे नाव, जन्मतारीख, फोटो हे तुम्ही भरतच नाही, ते आधारमधून थेट येतं आणि शेवटच्या प्रमाणपत्रावर तसंच छापलं जातं. आधारवर ‘Sunita’चं ‘Suneeta’ झालं असेल तर प्रमाणपत्रावरही तेच. नंदानगरच्या सरकारी आयटीआयमध्ये जायचं तर दहावीची (काही ट्रेडना आठवीची) मार्कशीट, मूळ निवासी प्रमाणपत्र, समग्र आयडी, आणि आरक्षण घ्यायचं असेल तर जातीचं प्रमाणपत्र असा संच तयार ठेवावा.

राज्याची ‘मुख्यमंत्री सीखो कमाओ योजना’ 18 ते 29 वयाच्या, बारावी किंवा आयटीआय किंवा त्यापुढे शिकलेल्या स्थानिक रहिवाशांसाठी आहे. शिकता शिकता महिना 8,000 ते 10,000 रुपये मिळतात. इथे सगळं समग्रवरून चालतं: समग्र आयडी टाकला की नाव आपोआप पडद्यावर येतं आणि ते फॉर्ममध्ये बदलता येत नाही. चुकलेलं समग्र इथे सगळ्यात जास्त नडतं.

पदवी दूरस्थ करणाऱ्यांना 2024 पासून एक जादा आकडा लागतो, डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षणाच्या नोंदणीचा क्रमांक. इग्नू असो की भोपाळचं भोज मुक्त विद्यापीठ, त्याशिवाय प्रवेश पुरा होत नाही. तो काढायला आधी एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) लागतो, एबीसीसाठी डिजिलॉकर (कागद ठेवायचं सरकारी ऑनलाइन कपाट), आणि डिजिलॉकरसाठी आधारला जोडलेला, चालू असलेला मोबाइल नंबर. बारा वर्षांपूर्वीचं, कधीच बंद झालेलं सिम आधारला जोडलेलं असेल तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

नाव: मराठी घरांचं खास दुखणं

इथे थोडं थांबून वाचा, कारण आपल्या लोकांचे निम्म्याहून जास्त घोळ इथलेच.

पहिला घोळ अक्षरांचा. हिंदी टायपिंग करणाऱ्याच्या बोटांना ‘ळ’ची सवय नसते. ‘काळे’चं ‘काले’ होतं, ‘मुळे’चं ‘मुले’. इंग्रजीत दोन्हीचं स्पेलिंग एकच असल्यामुळे मशीन सहसा अडवत नाही, पण मूळ निवासी किंवा जातीच्या प्रमाणपत्रावर देवनागरीत ‘काले’ आणि टीसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) ‘काळे’ दिसलं की पडताळणीला बसलेला माणूस पेन थांबवतो. त्याहून वाईट ‘ज्ञ’. आपण ‘Dnyaneshwar’ लिहितो, हिंदी भाषक ऑपरेटर ऐकून ‘Gyaneshwar’ टाकतो. ही मशीनच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत. ‘दत्तात्रय’चं ‘Dattatray’ की ‘Dattatraya’, ‘वैशाली’त एच आहे की नाही, हे सगळं त्याच जातीचं. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच: नाव तोंडी सांगू नका. कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि खाली देवनागरीत लिहून न्या, तो कागद ऑपरेटरच्या कीबोर्डशेजारी ठेवा, आणि पैसे भरण्याआधी पडद्यावर अक्षर अक्षर वाचा.

दुसरा घोळ मधल्या नावाचा. महाराष्ट्रातून शिकून आलेल्यांच्या मार्कशीटवर नाव तीन पदरी असतं, बरेचदा आडनाव आधी. मध्य प्रदेशातल्या कागदांवर नाव दोन पदरी आणि वडील किंवा नवरा वेगळ्या रकान्यात. फॉर्ममध्ये ‘नाव’ या रकान्यात काय भरायचं हा प्रश्न पडला तर ज्या कागदाच्या आधारे प्रवेश मिळणार आहे त्यावर जसं आहे तसं भरा, क्रमासकट. ‘कु.’, ‘सौ.’, ‘श्री.’ गाळा. ‘बाई’ आणि ‘राव’ मात्र स्वतःच्या मर्जीने गाळू नका. ते मूळ कागदावर नावाचा भाग म्हणून छापलेलं असेल तर ते नावच आहे.

आता तिसरा, आणि सगळ्यात अवघड. लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण आपल्याकडे ताटातल्या तांदळांत अंगठीने पहिलं नावही नवं लिहितात. समजा माहेरची मंजूषा दत्तात्रय काळे सासरी अनुराधा संजय देशपांडे झाली. दहावीची मार्कशीट मंजूषाची, आधार अनुराधाचं, मतदार ओळखपत्र अनुराधाबाईचं. वीस वर्षांनी बारावीचा फॉर्म भरायला बसली की कागदोपत्री ही दोन माणसं, आणि दोघींना जोडणारा एकही कागद घरात नाही. लग्नपत्रिकेवरसुद्धा ‘चि. सौ. कां. मंजूषा’च असते, अनुराधा तिथे जन्मलेलीच नसते.

पहिलं नाव तेच आणि फक्त आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर भागतं. लग्न जुनं असलं तरी नगर निगमात नोंदणी नंतर करता येते. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि साक्षीदार लागतात. अर्जात माहेरचं पूर्ण नाव लिहून घ्या. प्रमाणपत्रावर तेच नाव नसेल तर पुढे त्याचा उपयोग शून्य.

पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्राला (सरकारी गॅझेटला) पर्याय नाही. शपथपत्र, वृत्तपत्रातली जाहीर सूचना, मग राजपत्रात प्रसिद्धीसाठी अर्ज, असा तो मार्ग आहे. पूर्ण नावबदलासाठी आधारवालेही राजपत्रच मागतात. वेळ जातो, पैसेही जातात, पण एकदा झालं की कायमचं झालं. ज्यांना घाई आहे त्यांनी एक हिशेब करावा: आधार, बँक, समग्र सगळं सासरच्या नावाने असेल आणि शाळा जेमतेम पाचवी-सहावीपर्यंत झाली असेल, तर एनआयओएसची दहावी आजच्या नावानेच करावी. तिथे मागची मार्कशीट लागत नाही, त्यामुळे मार्कशीटवरचं माहेरचं नाव मधे येत नाही. दहावीचं प्रमाणपत्र नव्या नावाचं मिळालं की पुढचा रस्ता साफ. हातात दहावी असेल तर मात्र हा आडमार्ग धरू नका, त्या प्रमाणपत्राला राजपत्राची जोड द्या.

कोर्टाबाहेरचे टायपिस्ट ‘दोन्ही नावांची एकच व्यक्ती’ असं शपथपत्र पाच मिनिटांत करून देतात आणि सांगतात की झालं काम. ते माणसासमोर चालतं, म्हणजे प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या कारकुनासमोर. ई-केवायसी करणारं सॉफ्टवेअर शपथपत्र वाचत नाही. आधी बघा की तुमची अडचण टेबलावरची आहे की पडद्यावरची, मगच स्टॅम्पचे पैसे घाला.

जन्मतारीख

पन्नाशीपुढच्या अनेकांच्या आधारवर फक्त जन्मवर्ष असतं, किंवा सरसकट 1 जानेवारी. शाळेच्या कागदावर दुसरी तारीख निघाली की दोन्ही अमान्य होण्याची वेळ येते. आधारमध्ये जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. ती एक संधी अंदाजपंचे वापरू नका. आधी जन्माचा दाखला किंवा बोर्डाची मार्कशीट हातात घ्या, आणि ती जर अजून काढायची असेल तर ती येईपर्यंत आधारला हात लावू नका. पॅन कार्डावरची तारीख आधार दुरुस्तीसाठी पुरावा म्हणून चालत नाही, हेही तिथे रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

दुसरीकडे, आधार स्वतः जन्मतारखेचा पुरावा आहे का? नव्या आधार पत्रावरच छापलेलं असतं की ते ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा किंवा जन्मतारखेचा नाही. काही अभ्यासक्रमांत चालवून घेतात, पण त्यावर विसंबून बसू नका.

शाळा मधेच सुटलेल्यांनी जुन्या शाळेत जाऊन टीसीची दुसरी प्रत मागावी. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत तुमचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख लिहिलेली असते. वर्ष आणि इयत्ता सांगितलीत तर कारकून शोधू शकतो, नाहीतर चाळीस वर्षांच्या वह्या कोण चाळणार? शाळा बंद पडली असेल तर जिल्हा शिक्षण अधिकारी कार्यालयात तिचं दप्तर कुठे गेलं ते विचारा. आणि एक भाषेची गंमत लक्षात ठेवा. आपण ज्याला शाळा सोडल्याचा दाखला म्हणतो, तो शब्द इथल्या खिडकीवर उलटा ऐकला जातो, कारण हिंदीत ‘दाखिला’ म्हणजे प्रवेश. ‘दाखला आणलाय’ म्हटलंत तर समोरचा विचारेल, कुठे मिळाला? सरळ ‘टीसी’ म्हणा, आणि मार्कशीटला ‘अंकसूची’ म्हटलेलं ऐकायची सवय ठेवा.

आधार केंद्रावर

जाण्याआधी मूळ कागद सोबत घ्या. तिथे मूळ कागद स्कॅन करतात, झेरॉक्स चालत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल यांच्या बदलाला 75 रुपये आणि बोटांचे ठसे, डोळे, फोटो यांच्या बदलाला 125 रुपये लागतात. जास्त मागितले तर पावती मागा, पावतीवर रक्कम छापलेली असते. तक्रारीचा नंबर 1947. केंद्रावर मोबाइल नंबर जोडायला कोणताही कागद लागत नाही, नुसतं स्वतः गेलं पाहिजे. नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा देऊ नका. मुलगा पुण्याला नोकरीला गेला की प्रत्येक ओटीपीसाठी त्याला फोन लावायचा आणि तो नेमका मीटिंगमध्ये असायचा, हे ठरलेलं.

लग्न होऊन जळगाव, नागपूरकडून आलेल्या सुनांच्या आधारवर पत्ता माहेरचा असतो. घर भाड्याचं, वीजबिल सासऱ्यांच्या नावाने, मग पुरावा कुठून आणायचा? यासाठी कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलायची सोय आहे. नातं दाखवणारा कागद, म्हणजे विवाह प्रमाणपत्र किंवा दोघांची नावं असलेलं रेशन कार्ड जोडायचं, आणि कुटुंबप्रमुखाने 30 दिवसांच्या आत ऑनलाइन मंजुरी द्यायची. तो मेसेज सासऱ्यांच्या मोबाइलवर येऊन पडून राहतो, त्यांना आधी सांगून ठेवा. दुसरा मार्ग नगरसेवकाच्या प्रमाणपत्राचा. ते आधारच्या ठरलेल्या नमुन्यातच हवं, फोटोवर अर्धा शिक्का यायला हवा, आणि ते तीनच महिने चालतं. लेटरहेडवर लिहून आणलेलं परत पाठवतात.

आधारवर ‘C/O’ पुढे नवऱ्याचं नाव आहे म्हणून तो लग्नाचा पुरावा झाला असं समजू नका. तो पत्त्याचा भाग आहे, नात्याचा नाही.

धुणीभांडी, विटा, रंगकाम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन लाल दिवा दाखवत राहते. आदल्या रात्री हातांना तेल चोळून ठेवा, सकाळी साबणाने धुऊन कोरडे करा, आणि एक बोट नाही उठलं तर दुसरं द्या. नाहीच जमलं तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे का ते विचारा, ऑपरेटर आपणहून सांगत नाही.

समग्र

मध्य प्रदेशाबाहेरच्या नातेवाइकांना हे प्रकरण समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतात. समग्रचे आकडे दोन: कुटुंबाचा आठ अंकी, आणि व्यक्तीचा नऊ अंकी. फॉर्ममध्ये बहुतेक ठिकाणी नऊ अंकी लागतो. आठ अंकी टाकून ‘नंबर चुकीचा दाखवतोय’ म्हणणारे रोज भेटतात.

ई-केवायसी झाली आहे का ते आधी पोर्टलवर बघा. लाडली बहना योजनेच्या वेळी घरातल्या बायकांची झाली असते, पुरुषांची आणि तरुण पोरांची राहिलेली असते. आधारच्या ओटीपीवर ती घरबसल्या होते. समग्र आणि आधार यांत नाव किंवा तारीख जुळली नाही तर विनंती मंजुरीसाठी नगर निगमाच्या तुमच्या भागातल्या झोन कार्यालयाकडे जाते आणि तिथे रेंगाळते. दोन आठवड्यांत हालचाल नसेल तर विनंतीचा क्रमांक आणि आधारची प्रत घेऊन झोनवर जा. नुसतं पोर्टल उघडून बघत बसल्याने काही हलत नाही.

सासरी आलेली मुलगी माहेरच्या कुटुंबात तशीच राहिलेली असते, आणि सासरच्यांनी रेशनसाठी तिची नवी नोंद केलेली असते. एका माणसाचे दोन नऊ अंकी आयडी. अशी दुहेरी नोंद असली की योजनेचा अर्ज थांबतो. यात मोडायचा कोणता ते विचारपूर्वक ठरवा: ज्याची आधार ई-केवायसी झाली आहे तो ठेवायचा आणि त्यालाच सासरच्या कुटुंबात हलवून घ्यायचं, दुसरा रद्द करायचा. घाईने उलट केलं तर जुन्या आयडीवर मिळत असलेला दुसरा लाभही बंद पडतो.

बँक आणि जात, थोडक्यात

विद्यावेतन मिळणाऱ्या अभ्यासक्रमात पासबुकाची प्रत लागते, पण पैसा पासबुकावरच्या नंबराला जातो असं नाही. तो आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातो. खात्याला आधारची केवायसी असणं वेगळं आणि खातं थेट लाभासाठी आधारशी जोडलेलं असणं वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघितलं की कोणती बँक जोडली आहे ते कळतं, ओटीपी लागतो. तिथे जुनी, विसरलेली बँक दिसली तर नव्या बँकेत जोडणीचा फॉर्म द्या.

जातीच्या प्रमाणपत्रात सुनांची फसगत होते. जात जन्मावरून असते, लग्नाने बदलत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र वडिलांच्या बाजूने निघतं, नवऱ्याच्या नाही. आणि महाराष्ट्रातून काढलेल्या प्रमाणपत्रावर मध्य प्रदेश राज्याच्या जागांतलं आरक्षण मिळत नाही. एनआयओएससारख्या केंद्राच्या संस्थेत अनुसूचित जाती-जमातीची शुल्कसवलत घ्यायला ते चालतं. मूळ निवासी, उत्पन्न आणि जात, तिन्हींचे अर्ज लोक सेवा केंद्रात होतात. पावतीवर निकालाची तारीख छापलेली असते, त्याआधी खेटे घालू नका.

कियॉस्कवर बसताना

स्कॅन घरीच करून न्या. कागद खिडकीजवळ सपाट ठेवून, सावली न पडू देता, मोबाइलच्या स्कॅन अ‍ॅपने काढला तर चांगला येतो. लॅमिनेट केलेल्या मार्कशीटवर फ्लॅश मारला की नेमक्या जन्मतारखेवर पांढरा डाग येतो. प्रत्येक पोर्टलवर फाइलच्या आकाराची मर्यादा लिहिलेली असते. ती बघूनच लहान करा आणि लहान केल्यावर एकदा उघडून वाचा, कारण आकडे फाटलेले दिसले तर अर्ज पडताळणीत परत येतो. सही पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या किंवा निळ्या पेनाने करा. परीक्षेच्या दिवशी हीच सही जुळवतात, म्हणून नेहमीची करा, ठेवणीतली नको. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष: अनुराधा, 1984 असेल तर ‘ANUR1984’.

फॉर्ममध्ये मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच टाकून घ्या. कियॉस्कवाला सोय म्हणून स्वतःचा टाकतो, मग तीन महिन्यांनी प्रवेशपत्र काढायच्या वेळी ओटीपी त्याच्याकडे जातो आणि दुकान तर दुसऱ्या गल्लीत हललेलं. ई-मेल नसेल तर तिथल्या तिथे काढा, पासवर्ड वहीत लिहा.

झेरॉक्स द्यायच्या तर आधारची मास्क केलेली प्रत द्या, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. पूर्ण नंबर मागितलाच तर प्रतीवर ‘फक्त अमुक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी’ असं तिरकं लिहून तारीख टाका, पण लिहिताना फोटो आणि नाव झाकू नका. मूळ मार्कशीट कोणत्याही केंद्रात ठेवून येऊ नका. पडताळणी समोर होते, पाच मिनिटांचं काम असतं. काही ठिकाणी मूळ टीसी जमा करून घेतात. तिथे जमा केल्याची सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि त्याआधी टीसीच्या चार प्रती काढून, त्यांतल्या दोन राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घरी ठेवा.

पडताळणीच्या दिवशी संच एका फाइलमध्ये याच क्रमाने लावा: भरलेल्या फॉर्मचा प्रिंट, शुल्काची पावती, दहावीची मार्कशीट किंवा जन्माचा दाखला, आधार, समग्रचा प्रिंट, नाव जोडणारा कागद (विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र), जात, मूळ निवासी, पासबुक. राजपत्राच्या पानावर आपल्या नावाच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. पन्नास नावांतून तुमचं शोधायचा कारकुनाला कंटाळा आला की तो ‘उद्या या’ म्हणतो.